हिरकणीचे पाय, शेलारमामांचं वय

महाड-पोलादपूरच्या मुलखात सपाट चालायला मिळतं ते नदीकाठाला तेवढंच. सावित्री, काळ, गांधारी यांच्या काठची भाताची खाचरं सोडली की जमीन उभी राहते. वाड्या डोंगराच्या कुशीत, विहीर खालच्या अंगाला, देवाचं ठाणं वर, आणि या सगळ्यांना जोडणारी दगडी पाखाडी. इथे जन्मलेल्या माणसाचे पाय चालायच्या आधी चढायला शिकतात, असं माझी आजी म्हणायची.

या मुलखाच्या दोन गोष्टी साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहेत. पहिली हिरकणीची. दूध घालायला रायगडावर गेलेली ही बाई. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले आणि खाली पाळण्यात तान्हं बाळ. ती रात्री कडा उतरून घरी गेली. दुसरी शेलारमामांची. पोलादपूर तालुक्यातल्या उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांचे हे मामा. १६७० साली सिंहगडावर तानाजी पडल्यावर ऐंशी वर्षांच्या या म्हाताऱ्यानं तलवार उचलली आणि किल्लेदार उदयभानाला आडवं केलं, असं पोवाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं.

दोन्ही गोष्टी लोकांच्या तोंडी जगल्या. त्यांतली माणसं कोण आहेत ते पाहिलं की मला या मुलखाचा अभिमान वाटतो. तालमीत घुमलेला विशीतला पैलवान इथे नाही. एक अंगावर पाजणारी बाई आहे आणि एक ऐंशीचा म्हातारा आहे. बळाचा विषय निघाला की जग ज्यांना बाजूला बसवतं, त्यांनाच या डोंगरांनी नायक केलं. ऐकणाऱ्यांना ते खरं वाटलं, कारण कडे उतरणाऱ्या लेकुरवाळ्या आणि डोक्यावर भारा घेऊन पाखाडी चढणारे म्हातारे त्यांच्या रोजच्या पाहण्यातले होते.

मी पन्नाशी ओलांडली तेव्हा या दोघांकडे नव्यानं पाहू लागले. पाळी थांबली, जिना चढताना मांड्यांत पूर्वीचा जोर राहिला नाही, डब्याचं घट्ट झाकण उघडताना मनगट थरथरू लागलं. मग शरीरातलं बळ येतं कुठून आणि जातं कुठे, हे वाचायचा नाद लागला. वाचत गेले तसं लक्षात आलं की संप्रेरकं, वय आणि व्यायाम या तिन्हींचं शास्त्र समजून घ्यायला या दोन गोष्टींची सोबत फार उपयोगी आहे.

हिरकणीच्या रात्रीपासून सुरुवात करू. बाळाच्या आठवणीनं जीव कासावीस झाला की मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या छोट्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, यकृत साखर मोकळी करतं, स्नायूंकडे रक्ताचा ओघ लागतो, वेदना मागे पडतात. एरवी आपण आपल्या स्नायूंची सगळी ताकद वापरत नाही. मेंदू थोडी राखून ठेवतो. जिवावर बेतल्यावर तो ती मोकळी करतो. पण ॲड्रेनलिन स्नायू घडवत नाही. ते फक्त असलेली पुंजी खर्चायची परवानगी देतं. हिरकणीजवळ ती पुंजी होती, कारण दुधाची चरवी घेऊन ती रोज गड चढत-उतरत होती. त्यातही उतरण महत्त्वाची. चढताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो, उतरताना तोच स्नायू लांबत-लांबत वजन पेलतो. अशा लांबत्या स्नायूत जास्त जोर पेलायची क्षमता असते. उतरताना दम कमी लागतो, पण सवय नसलेल्याच्या मांड्या दुसऱ्या दिवशी भरून येतात. रायगड उतरलेल्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. हिरकणीच्या मांड्यांना तो धडा रोजचा होता. म्हणून मायेनं तिला धीर दिला आणि सवयीनं तिला खाली पोचवलं, असं मी मानते.

हेच ॲड्रेनलिन बेसुमार वाढलं तर काय होतं, त्याचा शोधही महाड तालुक्यातच लागला. कोकणातला लाल विंचू चावला की त्याच्या विषानं शरीरात ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिनचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, त्यांच्या विरोधात रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. गवत कापताना, पेंढा उपसताना विंचू चावलेली धडधाकट माणसं आणि लहान मुलं यानं दगावत. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रात्ररात्र रुग्णांच्या उशाशी बसून ही साखळी उलगडली आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध वापरून असंख्य जीव वाचवले. ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकानं त्यांचं काम छापलं, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हृदय हाही एक स्नायूच आहे, आणि संप्रेरक त्याला तारतंही आणि मारतंही, हे महाडच्या माणसानं दुसऱ्या कुणाकडून शिकायची गरज नाही.

ॲड्रेनलिन क्षणाचं. वर्षानुवर्षं स्नायूंची देखभाल करणारी संप्रेरकं वेगळी. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन मुख्य. तिशी-चाळिशीनंतर ते दरवर्षी साधारण एक टक्क्यानं उतरत जातं. बायकांत इस्ट्रोजेन. ते हाडं राखतं आणि स्नायूंच्या दुरुस्तीलाही हातभार लावतं. त्याची उतरण मात्र हळूहळू होत नाही. पाळी थांबते त्या काही वर्षांत ते एकदम खाली जातं. आपल्याकडे हे साधारण ४६-४७ व्या वर्षी घडतं, पाश्चात्त्य बायकांपेक्षा काही वर्षं लवकर. वाढीचं संप्रेरकही वयाबरोबर ओसरतं. इन्सुलिनचं म्हणणं स्नायू कमी ऐकू लागतात. उन्हातून मिळणारं ड जीवनसत्त्व खरं तर संप्रेरकासारखंच काम करतं. ते कमी पडलं की मांड्या आणि खांदे दुबळे होतात.

मग ओसरलेलं संप्रेरक बाहेरून भरलं तर? हा प्रश्न साऱ्या जगानं विचारून पाहिला. १९९० साली अमेरिकेत साठीपुढच्या काही पुरुषांना वाढीचं संप्रेरक टोचलं, तेव्हा त्यांचं मांस वाढलं आणि चिरतारुण्याचा बाजार उभा राहिला. पुढच्या अभ्यासांत दिसलं की वाढलेल्या मांसाबरोबर ताकद काही वाढत नाही. १९९६ साली शलेंदर भसीन या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी तरुण पुरुषांवर केलेला प्रयोग फार बोलका आहे. टेस्टोस्टेरॉनच्या मोठ्या मात्रेनं, व्यायाम न करताही स्नायू वाढले, हे खरं. पण सर्वांत जास्त वाढ झाली ती संप्रेरकासोबत वजनं उचलणाऱ्यांची. आणि त्या मात्रा औषधाच्या नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट होत्या. साध्या मात्रेत टेस्टोस्टेरॉन घेतलेल्या पासष्टीपुढच्या पुरुषांच्या चालण्यात फरक पडला तो अगदी थोडा. ज्यांच्यात आजारामुळे संप्रेरकाची खरी उणीव आहे त्यांना डॉक्टरांनी ते जरूर द्यावं. बाकीच्यांनी बळाची वाट सुईत शोधू नये.

हे मी कळकळीनं लिहिते आहे, कारण आमच्याकडे ‘ताकदीचं इंजेक्शन’ मागायची रीत आहे. गुडघे दुखतात, अंग गळून जातं, म्हातारी माणसं आठवड्याच्या बाजाराला येतात आणि एक सुई टोचून घेऊन जातात. दोन दिवस हलकं वाटतं. अशा सुईत पुष्कळदा स्टिरॉइड असतं, म्हणजे शरीरातल्या कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाचा भाऊबंद. ते सूज आणि दुखणं दाबतं. पण पुन्हा पुन्हा घेतलं तर मांड्यांचे आणि खांद्यांचे स्नायूच झिजवतं, हाडं पोकळ करतं, साखर वाढवतं. ताकद मागायला गेलेलं माणूस ताकद देऊन परत येतं. माझ्या माहेरच्या वाडीत असे पाय गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता शेलारमामांचं वय. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचं वस्तुमान साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटतं आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद मात्र वस्तुमानापेक्षाही जलद जाते. याचं कारण स्नायूंच्या आत शिरल्यावर कळतं. प्रत्येक स्नायूत संथ आणि चपळ असे दोन प्रकारचे धागे असतात. संथ धागे तासन्‌तास चालवतात, चपळ धागे क्षणात जोर लावतात. वयाबरोबर मणक्यातल्या काही चेतापेशी मरतात आणि त्यांच्या हुकमातले धागे पोरके होतात. त्यांतले बरेच चपळ असतात. शेजारची चेता त्यांतल्या काहींना दत्तक घेते आणि ते संथ होऊन जातात. म्हणून म्हातारी माणसं मैलभर चालू शकतात, पण शेवाळलेल्या पायरीवर पाय घसरला की तोल सावरायला लागणारा एका क्षणाचा झटका त्यांच्यापाशी उरत नाही. आमच्या पावसाळ्यात, आमच्या पाखाड्यांवर, त्या एका क्षणावर खुब्याचं हाड अवलंबून असतं.

या झिजेला १९८० च्या दशकाच्या अखेरीस आयर्विन रोझेनबर्ग या शास्त्रज्ञानं ‘सार्कोपेनिया’ असं नाव दिलं आणि २०१६ साली आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या अमेरिकी आवृत्तीत तिला स्वतःचा क्रमांक मिळाला. नाव मिळाल्यानं मोठा फरक पडला. तोवर ‘वय झालं’ एवढंच निदान होतं, आणि त्यावर उपचार नव्हता.

उपचार आहे, हे दाखवणारा प्रयोग मला शेलारमामांच्या पोवाड्याइतकाच स्फूर्तिदायक वाटतो. १९९० साली बॉस्टनमधल्या वृद्धांच्या एका रुग्णालयात मारिया फियातारोने या डॉक्टरांनी सरासरी नव्वद वर्षांच्या दहा अशक्त माणसांना वजनं उचलायला लावली. हलकीफुलकी कसरत नव्हे. आपल्या कुवतीच्या ऐंशी टक्के भार, पायांनी, आठवड्यातून तीनदा. आठ आठवड्यांत ज्यांनी हे पुरं केलं त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीचा स्नायू वाढला तो नऊ टक्केच. म्हणजे बरीचशी वाढ चेतांच्या जागं होण्यातून आली: जे धागे होते पण हुकूम मिळत नव्हता, ते पुन्हा कामाला लागले. चार वर्षांनी त्यांनी शंभर जणांवर असाच प्रयोग केला. ज्यांना फक्त पौष्टिक पेय दिलं, व्यायाम दिला नाही, त्यांची ताकद वाढली नाही. नव्वदीतल्या शरीरात संप्रेरकं तळाला गेलेली असतात. तरी भार पडला की स्नायू उत्तर देतो. संप्रेरकांची ओहोटी हे सत्य आहे, पण स्नायूला हाक मारायचा हक्क त्यामुळे संपत नाही.

इथे कुणीही म्हणेल, आमच्या बायका जन्मभर भार उचलतच होत्या. मग साठीत त्या वाकल्या का? हा प्रश्न मी टाळू शकत नाही, कारण माझी आजी वाकलेलीच मला आठवते. कोकणात एवढा पाऊस, तरी एप्रिल-मेमध्ये पोलादपूरच्या वाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी, कमरेला मूल, असं आजी खालच्या विहिरीवरून वर येई. पहाटे जातं, मग उखळ, मग मोळी. पावसात दिवसभर ओणवं राहून आवण लावायचं, पाठीवर इरलं. पुरुष मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत, म्हणून बैलांमागेही तीच. आणि पोटात? नाचणीची भाकरी, वरीचा भात, कुळथाची पिठी. सुकट असली तर ती आधी पोरांच्या ताटात.

कष्ट आणि व्यायाम यांत भाराचा फरक नाही. फरक भारानंतर काय मिळतं याचा आहे. भार पडला की स्नायूच्या धाग्यांना बारीक इजा होते. मग विश्रांतीत, प्रथिनं मिळाली तर, ते पहिल्यापेक्षा जाड जोडले जातात. कडेच्या सुप्त पेशी जाग्या होऊन त्या दुरुस्तीत उतरतात. विश्रांती नाही, पोटात प्रथिन नाही, आणि वरून मुलांची, पावसाची, मुंबईहून न आलेल्या मनीऑर्डरीची काळजी, तर कॉर्टिसोल चढं राहतं आणि स्नायू मोडून शरीर आपलं भागवतं. आजीला भार मिळाला, उरलेलं काहीच मिळालं नाही. म्हणून जुन्या कष्टांचे गोडवे गाणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्या पिढीच्या बायकांनी जे सोसलं त्याला व्यायाम म्हणणं हा त्यांच्यावरचा अन्याय आहे.

आता बऱ्याच वाड्यांत नळ आला, गॅस आला, मिक्सर आला. १९९६ पासून रायगडावर रोपवे आहे. कशेडीच्या घाटालाही बोगद्याची वाट झाली. हे सगळं चांगलंच झालं. पण कष्ट गेले तेव्हा त्यांच्याबरोबर भारही गेला, आणि त्याच्या जागी आपण काही ठेवलं नाही. त्याचे परिणाम गावोगाव दिसतात. त्यात आपली सुरुवातच कमी स्नायूंनी होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांत कमी पडले ते स्नायू. चरबी मात्र त्या मानानं राखलेली होती. याज्ञिकांनी एका इंग्रज सहकाऱ्यासोबत स्वतःचं मापही छापलं: दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तोच, २२.३, इंग्रजाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून स्नायूंची गरिबी. जेवणानंतरची साखर सर्वांत जास्त रिचवतात ते स्नायूच. ते कमी असतील आणि वापरलेही जात नसतील तर मधुमेह दारात उभा राहतो. म्हणून आपल्या माणसाला स्नायू जपायची निकड गोऱ्या माणसापेक्षा जास्त आहे.

न वापरलेले स्नायू किती लवकर जातात ते मी घरातच पाहिलं. माझ्या सासूबाईंना तापाचं दुखणं झालं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. दुखणं गेलं, पाय मात्र परतले नाहीत. निरोगी म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस पलंगावर ठेवलं तर पायांतलं सुमारे किलोभर मांस जातं, असं एका प्रयोगात मोजलेलं आहे. इथे तर आजार होता. घरच्या सगळ्यांनी प्रेमानं त्यांना बसवून ठेवलं. “आई, तुम्ही उठू नका, मी देते.” हेच वाक्य दिवसभर. मग एका फिजिओथेरपिस्ट मुलीनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि हात न टेकता उठायला सांगितलं. पहिल्यांदा त्यांना जमलं नाही. खुर्चीवर उशी ठेवून ती उंच केली, मग जमलं. हळूहळू उशी गेली. मग पाण्याच्या बाटल्या हातात आल्या, मग ओट्याला धरून टाचा उचलणं. ताटात रोज अंडं किंवा मासळी, नाहीतर वाटीभर जास्तीची डाळ. सासूबाई म्हणाल्या, “मला व्यायाम नको गं, मला देवळाच्या पायऱ्या चढायच्या आहेत.” आम्ही देवळाच्या पायऱ्यांनाच व्यायाम मानलं. त्या चढल्या. गाभाऱ्यासमोर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी भक्ती म्हणू की अभिमान, मला सांगता येणार नाही, दोन्ही असावं.

तेव्हापासून मला आमच्याकडच्या एका प्रेमळ रिवाजाबद्दल बोलावंसं वाटतं. गौरी-गणपतीला, शिमग्याला चाकरमानी गावी येतात. आईच्या हातातून कळशी काढून घेतात, “आता बस, खूप केलंस,” म्हणतात. त्यांच्या डोळ्यांत पाणी असतं, कारण त्यांनी तिचे कष्ट पाहिलेले असतात. ते पाणी खरं आहे. पण त्या मायेनं आपण आईला ज्या खुर्चीत बसवतो, तिच्यातून तिला पुढच्या वर्षी उठता येईल ना, हे बघणंही त्या मायेचाच भाग आहे. आईला कष्टांतून सोडवायचं आणि भार मात्र तिच्याकडे ठेवायचा: तिला झेपेल असा, तिच्या मर्जीचा, पोटभर जेवणासह आणि विश्रांतीसह. आशियातल्या तज्ज्ञांनी सुचवलेली एक सोपी कसोटी आहे: हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पायांकडे लक्ष द्यायची वेळ झाली. भारतासह सतरा देशांतल्या सुमारे एक लाख चाळीस हजार माणसांच्या अभ्यासात दिसलं की हाताची पकड पाच किलोनं कमी असेल तर मृत्यूची शक्यता सोळा टक्क्यांनी जास्त असते. रक्तदाब मोजतो तसं आपण हेही घरोघर मोजावं. छातीत दुखणं, अनियंत्रित रक्तदाब किंवा नुकतंच मोडलेलं हाड असेल तर आधी डॉक्टर. एरवी सुरुवातीला खुर्ची आणि पाण्याच्या बाटल्या पुरतात.

आमच्या वाड्यांत समाजमंदिरं आहेत, देवळांचे सभामंडप आहेत, आशाताई आहेत. व्यायामशाळा उघडते ती तरुणांसाठी, निधी येतो तो तरुणांसाठी. आठवड्यातून दोनदा सभामंडपात दहा खुर्च्या मांडून म्हाताऱ्या बायकांनी आणि बाप्यांनी उठबस करावी, वजन उचलावं, आणि नंतर मिळून उसळ खावी, याला फार पैसा लागत नाही. ज्या बायकांनी या डोंगरावर आयुष्यभर दुसऱ्यांसाठी ओझी वाहिली, त्यांना उतारवयात थोडा भार स्वतःसाठी उचलायचा अधिकार आहे. तो त्यांना मिळवून देणं हे आपलं, त्यांच्या लेकरांचं, काम आहे. आणि ते येत्या गणपतीच्या सुट्टीतच सुरू करता येईल.